छापण्याआधीचे कायदेशीर वाचन : एका सेवेचे परीक्षण

एखादे विधान अब्रुनुकसानी करणारे आहे की नाही, हे न्यायालयाने निकाल देण्याआधी सांगता येते का, हा प्रश्न हयात माणसांविषयी आणि चालू संस्थांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी उभा राहतो, आणि त्यावर दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले असे की निकाल लागेपर्यंत कोणालाच काही म्हणता येत नाही, तेव्हा विचारण्यात अर्थ नाही. दुसरे असे की हे वाक्य उघडउघड बदनामीकारक आहे, ते काढून टाका. लेखकाला या दोन्ही उत्तरांचा उपयोग नसतो आणि माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत. एका वकिली कार्यालयाच्या प्रकाशनपूर्व कायदेशीर वाचनाच्या सेवेकडे मी माझे हस्तलिखित सोपवले, तेव्हा या दोहोंपलीकडचे काही त्यांच्याकडून मिळते का, हीच कसोटी मी लावायचे ठरवले होते. त्या कसोटीवर ही सेवा बऱ्याच अंशी उतरली, काही ठिकाणी उतरली नाही, आणि दोन्हींचा तपशील सांगण्यासारखा आहे.

हस्तलिखित एका सार्वजनिक संस्थेच्या आर्थिक कारभाराविषयीचे होते. त्यात लेखापरीक्षण अहवालांतील उतारे, बैठकींची इतिवृत्ते, माजी कर्मचाऱ्यांच्या मुलाखती आणि या सगळ्यांवरून मी काढलेले निष्कर्ष होते. काही पदाधिकाऱ्यांची नावे होती, काहींची नव्हती. कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण उणिवांविषयीही मला मोकळेपणाने लिहायचे आहे. कामाची पद्धत अशी की संपूर्ण मजकूर त्यांच्याकडे द्यायचा, वस्तुस्थिती सांगणाऱ्या प्रत्येक विधानामागे कोणता कागद किंवा कोणाचे कथन आहे हे समासात लिहायचे, मग एक वकील तो वाचून टिपणे काढतो, दुसरा वकील ती टिपणे बाजूला ठेवून मजकूर स्वतंत्रपणे वाचतो, दोघांसमवेत चर्चा होते आणि अखेरीस लेखी अभिप्राय मिळतो. दुसऱ्या वाचकाने पहिल्याची टिपणे न पाहता वाचण्याची ही रीत मला फार महत्त्वाची वाटली. एकाच वाक्यातून दोन जाणत्या वाचकांना वेगवेगळा अर्थ लागला, तर तेवढ्यावरूनच त्या वाक्यात जोखीम आहे हे कळते.

पहिल्याच चर्चेत त्यांनी स्पष्ट केले की ‘या मजकुरात अब्रुनुकसानी करणारे काहीही नाही’ असा दाखला ते देणार नाहीत. काही लेखकांना यात अंग काढून घेणे दिसेल. मला ती या सेवेची सर्वांत प्रामाणिक बाजू वाटते, आणि त्यामागचे स्पष्टीकरणही त्यांनी नीट दिले. न्यायालयाच्या निकालामुळे विधान बदनामीकारक होत नाही. ते ज्या दिवशी वाचकापर्यंत पोहोचले त्या दिवशी काय होते, याचा न्यायालय नंतर निर्णय देते. भारतात लेखी अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याची एक वर्षाची मुदतही विधान प्रकाशित झाल्यापासून मोजली जाते, निकालापासून नव्हे. म्हणजे जबाबदारी प्रकाशनाच्या क्षणीच येते, आणि ती आली की नाही हे मात्र बऱ्याच काळाने कळते. लेखकाला निर्णय घ्यावा लागतो तो या मधल्या अंतरात. म्हणून ‘न्यायालय ठरवील’ हे वाक्य खरे असूनही सल्ला म्हणून कुचकामी आहे. आणि ‘हे बदनामीकारकच आहे’ हे ठाम वाक्य, मग ते वकिलाचे असो वा विरोधकाचे, अंदाजाला निर्णयाचा पोशाख चढवते.

हा अंदाज किती चुकू शकतो, हे समजावण्यासाठी त्यांनी दिलेली दोन इंग्रजी प्रकरणे मला पुरेशी बोलकी वाटली. १९३६ सालच्या सिम विरुद्ध स्ट्रेच या प्रकरणात वाद एका तारेवरून होता. घरकाम करणारी स्त्री आपल्याकडे परत आली आहे, तिचे सामान, तुम्ही उसने घेतलेले पैसे आणि तिचा पगार पाठवून द्या, असा त्या तारेचा आशय होता. नोकराणीकडून पैसे उसने घ्यावे लागले असे सूचित होऊन आपली पत गेली, असे वादीचे म्हणणे होते. तो खालच्या न्यायालयात जिंकला, अपिलातही बहुमताने जिंकला, आणि तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. समाजातील विवेकी माणसांच्या नजरेत वादी खाली उतरेल का, ही लॉर्ड अ‍ॅटकिन यांची प्रसिद्ध कसोटी याच निकालातली आहे. दुसरे प्रकरण २०१९ चे. एका स्त्रीने फेसबुकवर लिहिले होते की पूर्वीच्या पतीने आपला गळा आवळण्याचा प्रयत्न केला. पहिल्या न्यायाधीशांनी शब्दकोशाचा आधार घेऊन त्या वाक्याचा अर्थ ठार मारण्याचा प्रयत्न असा लावला, आणि पुढचा सगळा निकाल त्या अर्थावर उभा राहिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ नाकारला. समाजमाध्यमावर घाईघाईने नजर फिरवणारा सामान्य वाचक ते वाक्य गळा दाबला एवढ्याच अर्थाने घेईल, शब्दांचा कीस काढणार नाही, असे त्यांनी म्हटले. दोन्ही प्रकरणांत विधान तेच, कायदाही तोच, आणि तरी न्यायालयांची उत्तरे वेगळी. निकालाआधी कोणी शंभर टक्के खात्री देत असेल, तर ती खात्री त्याला कुठून मिळाली हे त्याला विचारायला हवे.

यानंतर त्यांनी जे केले त्यामुळे या सेवेचे मोल माझ्या दृष्टीने वाढले. ‘हे विधान बदनामीकारक आहे का’ या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात आणि आपण ते एकाच दमात विचारतो. पहिला प्रश्न, हे विधान वाचून त्या व्यक्तीची किंमत इतरांच्या लेखी कमी होईल का. दुसरा प्रश्न, तसे झाले तरी कायदा लेखकाला जबाबदार धरील का. एखाद्याला अपहाराबद्दल शिक्षा झाली असल्याचे खरे विधान त्याची प्रतिष्ठा निश्चितच कमी करते, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. पण ते सत्य सिद्ध करता येत असेल तर दिवाणी दाव्यात लेखकाचा बचाव पूर्ण असतो. भारतातील फौजदारी कायद्यात एवढे पुरत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आले, त्याप्रमाणे या गुन्ह्याला ठेवलेल्या अपवादांपैकी पहिल्याचा आधार घ्यायचा तर विधान खरे असले पाहिजे आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचेही असले पाहिजे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी आहे, आणि हा गुन्हा घटनेशी सुसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात मान्य केले आहे. अभिप्रायाच्या तक्त्यात या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळे रकाने होते. कितीतरी वाक्ये पहिल्या रकान्यात ‘हो’ आणि दुसऱ्यात ‘जोखीम अल्प’ अशी आली, आणि ती सर्व हस्तलिखितात तशीच राहिली. केवळ पहिला रकाना पाहून कात्री चालवली असती, तर हस्तलिखिताचा कणाच मोडला असता.

अर्थाच्या तपासणीवर या कार्यालयाने सर्वाधिक श्रम घेतले आणि तिथेच मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. कायद्याच्या दृष्टीने लेखकाच्या मनात काय होते याला इथे फारसे स्थान नसते. सामान्य, समंजस वाचक सबंध मजकूर वाचून काय समजेल हे महत्त्वाचे असते. इंग्लंडमध्ये २००२ च्या चेस प्रकरणापासून आरोपाच्या तीन पातळ्या मानल्या जातात: अमुक व्यक्ती दोषी आहे, ती दोषी असल्याचा संशय घेण्यास सबळ कारणे आहेत, चौकशी व्हावी इतपत कारणे आहेत. कार्यालयाने हीच मोजपट्टी माझ्या वाक्यांना लावली. माझ्या एका वाक्याचा आशय असा होता की, इमारत निधीतील रक्कम एका पदाधिकाऱ्याने नातेवाइकाच्या कंपनीकडे वळवली. हे पहिल्या पातळीचे विधान होते, आणि त्याच्या समर्थनार्थ मला अपहाराचा हेतू सिद्ध करावा लागला असता. हातात काय होते? निविदेविना दिलेले काम, त्या कंपनीतील नातेसंबंध दाखवणारी अधिकृत नोंद आणि लेखापरीक्षकाचा आक्षेप. यातून दुसरी पातळी निर्विवादपणे उभी राहत होती. नवे वाक्य असे झाले की, हे काम निविदेविना एका कंपनीला दिले गेले, तिचे संचालक या पदाधिकाऱ्याचे जवळचे नातेवाईक आहेत, लेखापरीक्षकांनी या व्यवहारावर आक्षेप घेतला आहे आणि त्याचे उत्तर संस्थेने अद्याप दिलेले नाही. वाचकाला त्यात अधिक माहिती मिळते, आणि प्रत्येक तुकड्यामागे कागद आहे. कायदेशीर वाचनामुळे लेखन मिळमिळीत होते, ही तक्रार या वाक्याला तरी लागू होत नाही; ते आधीपेक्षा अधिक टोकदार झाले आहे.

‘कथित’, ‘असे बोलले जाते’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ या शब्दयोजनांवर त्यांनी जवळजवळ सर्वत्र खूण केली होती. दुसऱ्याने केलेला आरोप आपण पुन्हा सांगितला, तर कायदा सर्वसाधारणपणे तो आरोप आपणच केला असे धरतो. ‘अमका चोर आहे असे लोक म्हणतात’ हे लिहिणाऱ्याला, लोक तसे म्हणतात एवढे सिद्ध करून भागत नाही. ‘कथित’ हा शब्द वृत्तलेखनात ढालीसारखा वापरला जातो, पण आजूबाजूचा सगळा मजकूर दोषाकडेच बोट दाखवत असेल तर तो एकटा शब्द काही थोपवत नाही. याला महत्त्वाचा अपवाद न्यायालयीन कामकाजाच्या वृत्तांताचा. न्यायालयात काय झाले याचे सारतः खरे वार्तांकन भारतीय फौजदारी कायद्याने चौथ्या अपवादात संरक्षित केले आहे, आणि म्हणून जिथे माझे विधान मूळ मुलाखतीऐवजी न्यायालयीन अभिलेखावर टेकवता येत होते, तिथे त्यांनी ते तसे टेकवायला सांगितले.

ओळख पटण्याच्या मुद्द्यावर त्यांचे वाचन चोख होते. नाव न घेतल्याने माणूस सुरक्षित होतो असा समज लेखकांत खोलवर रुजलेला आहे, आणि मला तो घातक वाटतो. पद, कालावधी आणि संस्था सांगितली की नाव उरतेच कुठे? उलट विधान फार मोठ्या, अनिश्चित समूहाविषयी असेल तर त्यातील कोणा एकाला तक्रारीचा हक्क मिळणे अवघड असते. विवाहपूर्व संबंधांविषयीच्या मतप्रदर्शनावरून अभिनेत्री खुशबू यांच्याविरुद्ध झालेल्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केल्या, त्यातही त्यांचे बोलणे कोणा विशिष्ट व्यक्तीवर रोखलेले नव्हते हा मुद्दा होता. माझ्या मजकुरात ‘समितीतील काहीजण’ असा उल्लेख होता, आणि समिती इतकी लहान होती की प्रत्येक सदस्य तो आपल्यावर ओढवून घेऊ शकला असता. यावर त्यांचा सल्ला अनपेक्षित होता: नाव घ्या. ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे त्याचे नाव घेतल्याने ज्यांच्याविरुद्ध काहीच नाही त्यांच्यावरचा संशय दूर होतो, आणि हे कायद्याइतकेच न्यायाच्याही दृष्टीने योग्य आहे.

पुराव्याच्या बाबतीत ते कठोर होते, आणि तसेच असायला हवे. विधान खरे आहे असे लेखकाला वाटणे, ते खरे असणे आणि ते न्यायालयात सिद्ध करता येणे या तीन गोष्टींमध्ये मोठी अंतरे आहेत. ही मुलाखत देणारी व्यक्ती साक्षीला उभी राहील का, या कागदाची मूळ प्रत कोणाकडे आहे, ही छायाप्रत खरी असल्याचे कोण सांगेल, असे प्रश्न त्यांनी समासातल्या प्रत्येक नोंदीवर विचारले. नाव उघड न करण्याच्या अटीवर मिळालेल्या माहितीवर उभी असलेली विधाने त्यांनी वेगळ्या रंगात दाखवली होती, आणि तो रंग माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक पानांवर पसरलेला होता. त्यांतील काही विधाने दुसऱ्या कागदांच्या आधाराने उभी राहिली. काही वगळावी लागली. वगळलेल्यांपैकी एक मला आजही पूर्णपणे खरे वाटते, आणि ते गेल्याचे दुःख आहे. परंतु ते का गेले याचे कारण मला पटले होते.

मत आणि वस्तुस्थिती यांतील सीमारेषेवर मात्र हे वाचन कमी पडले. ‘हा कारभार बेजबाबदार होता’ हे मत आहे. ज्या तथ्यांवर ते आधारलेले आहे ती तथ्ये वाचकासमोर असतील आणि खरी असतील, तर असे मत कडवट असले तरी त्याला संरक्षण मिळू शकते. ‘माझ्या मते’ एवढे जोडल्याने आरोपाचे मत होत नाही, हेही खरे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मिल्कोविच निकालात हेच सांगितले आहे. कार्यालयाने हा दुसरा भाग नीट समजावला, पण पहिल्या भागाला न्याय दिला नाही. शेवटच्या प्रकरणातील माझे निष्कर्ष, ज्यांच्या आधारची सर्व तथ्ये आधीच्या पानांवर दिलेली होती, त्यांनी सरसकट ‘मध्यम जोखीम’ या वर्गात टाकले आणि ‘अयोग्य’, ‘बेजबाबदार’, ‘लाजिरवाणे’ अशा विशेषणांच्या जागी ‘चर्चेस पात्र’ असे शब्द सुचवले. सार्वजनिक पैशाच्या कारभारावर नागरिकाने कठोर मत मांडणे हा लिहिण्याचा हेतूच असतो. सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला भारतीय कायद्यातही स्वतंत्र अपवाद आहे. वाद घातल्यावर त्यांनी बहुतेक शेरे मागे घेतले. परंतु जो लेखक वाद घालणार नाही, त्याचे शेवटचे प्रकरण या सेवेतून निष्प्राण होऊन बाहेर पडेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरी उणीव अशी की दिवाणी आणि फौजदारी जोखीम लेखी अभिप्रायात एकत्रच मोजली होती. एका दाव्यात नुकसानभरपाई द्यावी लागणे आणि दुसऱ्यात आरोपी म्हणून न्यायालयात हजर राहावे लागणे यांचे ओझे एकसारखे नाही, आणि वर म्हटल्याप्रमाणे सत्याचा बचावही दोन्हीकडे एकसारखा नाही. मागणी केल्यावर त्यांनी दोन्ही वेगळे करून दिले, पण ते मुळातच तसे यायला हवे होते. छायाचित्रांच्या ओळी अगदी शेवटी, घाईत वाचल्या गेल्या. हे मला गंभीर वाटते, कारण शीर्षक, छायाचित्र आणि त्याखालची ओळ एकमेकांशेजारी आल्याने जो अर्थ निघतो तो कित्येकदा मजकुरात कोठेच लिहिलेला नसतो. ‘निधीची लूट’ या शीर्षकाखाली एखाद्या सदस्याचे हसरे छायाचित्र लावले, तर लुटणारा कोण हे वाचक स्वतःच ठरवतो.

ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना प्रकाशनाआधी लेखी प्रश्न पाठवून उत्तराची संधी देण्याचा त्यांचा आग्रह मी या सेवेच्या मोठ्या गुणांत धरतो. इंग्लंडमध्ये १९९९ च्या रेनॉल्ड्स निकालाने जबाबदार पत्रकारितेच्या बचावासाठी ज्या गोष्टी पाहायला सांगितल्या, त्यांत समोरच्याची बाजू विचारली होती का हीही होती. भारतीय फौजदारी कायद्यातही पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेले कृत्य सद्भावनेने केलेले मानले जात नाही. म्हणून अशा पत्रव्यवहाराची आणि अशा वाचनाची नोंद पुढे बचावाला उपयोगी पडू शकते. त्यांनी प्रश्नांचा मसुदा करून दिला, त्यात धमकीचा सूर येऊ दिला नाही आणि उत्तरासाठी वाजवी मुदत ठेवली. एका पदाधिकाऱ्याचे उत्तर आले, आणि त्यातील एका कागदामुळे माझ्या मजकुरातील एक निष्कर्ष सौम्य करावा लागला. हे प्रकाशनानंतर समोर आले असते, तर त्या माणसावर अन्याय झाला असता.

प्रकाशन आणि निकाल यांच्या मधल्या काळाविषयीचे त्यांचे टिपण स्वतंत्रपणे वाखाणण्याजोगे आहे, कारण लेखकाला खरी भीती अंतिम निकालाची कमी आणि तात्पुरत्या मनाई हुकमाची अधिक असते. पुरावा तपासण्याआधीच विधान थांबवावे का, या प्रश्नावर इंग्लंडमधील १८९१ च्या बोनार्ड विरुद्ध पेरीमन निकालाने घातलेला दंडक असा की, प्रतिवादी आपले विधान खरे असल्याचे सिद्ध करण्याची तयारी दाखवत असेल, तर ते खोटे असल्याचे अगदी उघड असल्याखेरीज मनाई देऊ नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात शासन आणि अधिकारी यांना प्रकाशन आधीच रोखण्याचा अधिकार नसल्याचे सांगितले. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात, एक लेख काढून टाकण्याचा कनिष्ठ न्यायालयाचा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि सुनावणीपूर्वीच असे आदेश देणे अपवादात्मक असले पाहिजे, हे बजावले. लेखातील मजकूर खरा की खोटा यावर न्यायालयाने तेव्हा काहीही म्हटले नाही, हेही ध्यानात ठेवावे. व्यवहारात मात्र मनाई मिळते, आणि ती उठवायला वर्षे लागू शकतात. खुशवंत सिंग यांच्या आत्मचरित्रावर १९९० च्या दशकाच्या मध्यास आलेली मनाई दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने उठवली ती २००१ मध्ये. कार्यालयाने मला याची कल्पना कोणताही आडपडदा न ठेवता दिली आणि कोणत्या तीन परिच्छेदांवर अशी मनाई मागितली जाण्याचा संभव अधिक आहे, हेही सांगितले. त्या परिच्छेदांच्या पुराव्यांची संचिका प्रकाशनाआधीच लावून ठेवण्याचा त्यांचा सल्ला मी तंतोतंत पाळला.

कायदेशीर नोटिशीविषयीही त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक लेखकाने ऐकावे असे आहे. ‘तुमचे विधान बदनामीकारक आहे, ते मागे घ्या’ असे वकिलाच्या पत्रशीर्षावर आले की अनेकजण त्याला निकालच समजतात आणि खरे लिहिलेले मागे घेतात. नोटीस हा एका पक्षाचा दावा आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण तिच्यात एखादी खरी दुरुस्ती सुचवलेली असू शकते आणि ती तत्परतेने केली तर पुढे उपयोग होतो. पण नोटिशीतील अर्थ हाच आपल्या विधानाचा अर्थ, असे आपणहून मान्य करण्याचे कारण नाही. उत्तरात आपण दुरुस्ती कशाची करतो आणि ठाम कशावर राहतो, हे वाक्यागणिक वेगळे लिहावे, असा त्यांचा सल्ला होता. नोटिशीला उत्तर देण्याचे काम मात्र या सेवेत धरलेले नाही. त्यासाठी वेगळा करार करावा लागतो, आणि हे करार करतानाच नीट वाचून घ्यावे.

ज्यांचे लेखन कागदपत्रांवर उभे आहे, ज्यात हयात व्यक्तींवर ठोस आरोप आहेत आणि ज्यांची वकिलाशी वाद घालण्याची तयारी आहे, त्यांना मी अशा वाचनाची शिफारस निःसंकोचपणे करीन. आठवणींचे किंवा ललित लेखन असेल, तर हा तक्ता आणि हे रकाने त्याला बसणार नाहीत. तिथे एखाद्या अनुभवी संपादकाचे वाचन आधी घ्यावे आणि शंकेचे उतारे तेवढे वकिलाकडे न्यावेत. कोणत्याही कार्यालयाकडे गेलात तरी काम सोपवण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: अर्थ आणि जबाबदारी यांवर वेगवेगळा अभिप्राय मिळेल का, दिवाणी आणि फौजदारी जोखीम वेगळी दाखवली जाईल का, शीर्षके आणि छायाचित्रे मजकुरासोबतच वाचली जातील का, आणि ‘काढा’ असा शेरा मारताना त्याच आशयाचे टिकणारे वाक्य सुचवले जाईल का. चौथ्या प्रश्नाला जे कार्यालय ‘नाही’ म्हणेल, त्याच्याकडे हस्तलिखित देऊ नये.